‘एफ ट्रूप’ : जेन, फिलाडेल्फियाची लूसी आणि सार्जंटचा चोरटा धंदा

सांजसावली :

‘एफ ट्रूप’ या जुन्या अमेरिकी विनोदी टीव्ही मालिकेबद्दल कुणी लिहायला घेतलं की ते सार्जंट ओरूर्क आणि कॉर्पोरल अगार्न या जोडगोळीवर घसरतं. साहजिक आहे, हशा त्यांनाच जास्त मिळतो. मला मात्र कप्तानावरून जी ओढाताण चालते तिच्याबद्दल लिहायचंय. माझ्या मते मालिकेची खरी गंमत तिथे आहे.

पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडी ओळख. मालिका १४ सप्टेंबर १९६५ला अमेरिकेत एबीसीवर सुरू झाली आणि एप्रिल १९६७मध्ये संपली. दोन हंगाम, ६५ भाग. पहिला हंगाम कृष्णधवल, दुसरा रंगीत. यादवी युद्ध नुकतंच संपलंय आणि कॅन्ससच्या सरहद्दीवर फोर्ट करेज नावाचं घोडदळाचं ठाणं आहे. विल्टन पार्मेंटर हा पिढीजात लष्करी घराण्यातला मुलगा. युद्धात तो साधा शिपाई, साहेबांचे धुतलेले कपडे आणायला निघालेला. वाटेत परागकणांमुळे त्याला शिंका येतात, सैनिकांना त्या ‘चार्ज’ अशा ऐकू येतात, सगळे चाल करून जातात आणि लढाई जिंकली जाते. त्याबद्दल त्याला पदक मिळतं. ते लावताना पिन छातीत घुसते, म्हणून जखमी झाल्याचं आणखी एक पदक! या वीराला कप्तान करून फोर्ट करेजवर धाडतात. तिथला टेहळणीवाला व्हँडरबिल्ट याला धड दिसत नाही, बिगुलवाला डॉब्स याला ‘यांकी डूडल’ आणि ‘डिक्सी’ वाजवता येतं, पण लष्करी इशारे काही जमत नाहीत. सलामीच्या तोफेचा गोळा तर शत्रूऐवजी आपल्याच टेहळणीच्या मनोऱ्यावर जातो.

ठाणं चालवतो तो सार्जंट ओरूर्क. गावातलं दारूचं दुकान त्याच्या मालकीचं. शेजारच्या हेकावी या मूळ रहिवाशांच्या टोळीशी त्याची गुप्त भागीदारी आहे. ते दारू गाळतात, शोभेच्या वस्तू बनवतात, हा विकतो. कप्तानाला यातलं काहीही ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसणं हेच धंद्याचं भांडवल.

आता जेन. सगळे तिला रँगलर जेन म्हणतात. गावातलं किराणा-भुसाराचं दुकान तिचं, पोस्टही तीच सांभाळते. बंदुकीचा नेम साऱ्या पलटणीपेक्षा सरस आणि घोड्यावरची मांड पक्की. तिचा जीव कप्तानावर जडलाय आणि ती ते लपवत नाही. जवळ येऊन मुका घ्यायला गेली की हा लाजून मागे सरकतो : “जेन, प्लीज, माणसांसमोर नको!” हे वाक्य मालिकेत पुन्हा पुन्हा येतं. पाठलाग करणारी ती, संकोचणारा तो. ही उलटापालट १९६५ सालच्या टीव्हीवर होती हे मला विशेष वाटतं. आणि जेनला त्यासाठी कुणी हिणवत नाही. तिच्या धीटपणावर हसू येत नाही, हसू येतं ते त्याच्या घाबरण्याचं.

पहिल्याच हंगामात फिलाडेल्फियाहून लूसी येते, पार्मेंटरची गावाकडची जुनी मैत्रीण. त्याला परत घेऊन जायचं आणि लग्न करायचं असा तिचा बेत. दुसरी एखादी मालिका असती तर दोन मुलींची एकमेकींना टोमणे मारण्याची जुगलबंदी झाली असती आणि भाग संपला असता. इथे या भांडणात तिसरा पक्ष उतरतो, तो म्हणजे सार्जंटचा गल्ला. कप्तान फिलाडेल्फियाला गेला तर त्याच्या जागी नवा अधिकारी येणार. तो हिशेब तपासेल, कवायत घेईल, हेकावींच्या वस्तीकडे जाणारी वाट हुडकून काढेल. तेव्हा ओरूर्क आणि अगार्न यांना कप्तानाच्या प्रेमाची एकाएकी विलक्षण काळजी वाटू लागते. जेनचं प्रेम खरं आहे, त्यांचं स्वार्थाचं आहे आणि दोघांनाही हवं एकच : हा माणूस इथून हलू नये.

मला हीच रचना ग्रेट वाटते. प्रेमाच्या त्रिकोणाचा निकाल काय लागतो यावर साऱ्या ठाण्याचं पोट अवलंबून आहे, त्यामुळे कुणीही प्रेक्षक म्हणून बाजूला बसू शकत नाही. आणि लूसी वाईट मुलगी आहे म्हणून तिचा पराभव व्हायला हवा, असं लेखकाला दाखवावं लागत नाही. ती फक्त त्याला इथून उचलून नेऊ पाहते. फोर्ट करेजमध्ये यापेक्षा मोठा गुन्हा नाही.

तुम्हाला काय वाटतं? इतर भागांबद्दलही लिहा.

गढीवरचा :

छान धागा. मालिका पाहिलीय, पण हा कोन लक्षात आला नव्हता.

पार्मेंटर झालेल्या केन बेरीबद्दल लिहायला हवं. पार्मेंटर इतका सहज धडपडतो, पायात तलवार अडकते, कठड्यावर हात टेकायला जातो आणि कठडाच नसतो. हे सगळं करणारा नट मुळात नर्तक होता. पडण्याचं प्रत्येक पाऊल त्याने मोजून टाकलेलं असतं आणि म्हणूनच ते न मोजल्यासारखं दिसतं. खऱ्या लष्करात असताना तो करमणूक विभागात होता आणि तिथे त्याचा सार्जंट होता लिओनार्ड निमॉय, पुढे ‘स्टार ट्रेक’मधला मिस्टर स्पॉक म्हणून जगाला माहीत झालेला.

प्रेमाच्या प्रसंगांत हे अंग फार कामी येतं. जेन दोन पावलं पुढे येते, हा तीन पावलं मागे जातो, मागे टेबल, टेबलावर दौत. संवाद बंद करून बघा, तरी त्या दोघांचं नातं कळतं.

अबोली :

सांजसावली, लेखन आवडलं, पण मी पूर्ण सहमत नाही.

जेन धीट आहे, नेमबाज आहे, स्वतःचं दुकान चालवते, सगळं मान्य. पण ६५ भाग ती एकाच माणसामागे आहे आणि तो माणूस हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. कथेतली सगळ्यात कर्तबगार व्यक्ती ती, आणि तिची मुख्य इच्छा काय, तर सगळ्यात गोंधळलेल्या माणसाने आपल्याकडे वळून बघावं. तिच्या दुकानाचं काय चाललंय, तिला पुढे काय करायचंय, याची चौकशी मालिका करत नाही. लूसी आली की जेनला महत्त्व येतं, लूसी गेली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. जेन झालेल्या मेलडी पॅटरसनचा जन्म एप्रिल १९४९चा. मालिका सुरू झाली तेव्हा ती १६ वर्षांची होती. काम मिळवताना तिने वय वाढवून सांगितलं होतं. केन बेरी तेव्हा तिशी ओलांडलेला. हे कळल्यापासून मला ते मुक्याचे प्रसंग पूर्वीच्या मोकळेपणाने बघवत नाहीत. पार्मेंटर मागे सरकतो तेव्हा खरं सांगायचं तर बरं वाटतं.

सांजसावली :

अबोली, वयाचा मुद्दा मोठा आहे आणि तो धाग्यात यायलाच हवा होता. तुम्ही आणलात हे चांगलं झालं. त्याने प्रसंगांकडे बघण्याची नजर बदलते, माझीही बदललीय. एवढं मात्र दिसतं की पडद्यावर पुढाकार नेहमी जेनचा ठेवलाय आणि पार्मेंटर तिच्याशी सतत अदबीने वागतो. बाकी त्या वयाच्या मुलीला पूर्ण वाढलेल्या स्त्रीच्या भूमिकेत उभं करणं हा त्या काळच्या स्टुडिओंचा बेफिकीरपणा होता, यात शंका नाही.

जेनच्या इच्छेबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. त्या ठाण्यात प्रत्येक माणूस पार्मेंटरला वापरतो. ओरूर्क धंद्यासाठी, वरचे अधिकारी कागदावरच्या शौर्यासाठी, घरचे घराण्याच्या नावासाठी. तो चांगला माणूस आहे म्हणून तो आवडणारी एकटी जेन. तो शूर नाही हे तिला पहिल्या दिवसापासून दिसतं आणि तिचं काही बिघडत नाही. मला यात तिची कमजोरी दिसत नाही. तिला माणूस ओळखता येतो, एवढंच दिसतं.

रेघोटी :

मी कॅन्ससमध्येच राहते, म्हणून खऱ्या ठाण्यांबद्दल थोडं.

मालिकेत आणि बहुतेक सिनेमांत ओंडक्यांची उंच तटबंदी आणि मोठा दरवाजा दिसतो. प्रत्यक्षात मैदानी मुलखातल्या बऱ्याच ठाण्यांना तट नव्हताच. आमच्याकडे फोर्ट लार्नेड जपून ठेवलाय, सांता फे वाटेवरचा. कवायतीच्या मोठ्या चौकोनी मैदानाभोवती वालुकाश्माच्या नऊ इमारती आहेत. एका बाजूला अधिकाऱ्यांची घरं, समोर शिपायांच्या बराकी. सगळं सगळ्यांना दिसतं. कोण कोणाच्या ओसरीवर किती वेळ बसलं हे लपवायला जागाच नाही. “माणसांसमोर नको” हे पार्मेंटरचं वाक्य तिथे उभं राहिल्यावर मला अगदी खरं वाटलं, कारण माणसांसमोर नसलेली जागा तिथे नाहीच.

आणि बायका फार थोड्या. अधिकाऱ्यांच्या पत्नी होत्या, पण लष्कराच्या नियमात त्यांना स्वतःचं असं स्थान नव्हतं. वरच्या हुद्द्याचा अधिकारी बदलून आला की तो खालच्याचं घर मागू शकत असे, मग त्या कुटुंबाने सामान उचलून त्याहून खालच्याच्या घरात जायचं, त्याने आणखी खाली. दुसऱ्या बायका म्हणजे धोबिणी. १८०२च्या कायद्याने प्रत्येक तुकडीला चार धोबिणींची मुभा होती, त्यांना सरकारी शिधा मिळे. ही पद्धत १८७८मध्ये बंद केली. त्यांतल्या बऱ्याच जणी सार्जंट किंवा शिपायांच्या बायका होत्या. शिपायाचा पगार १८७०च्या दशकात महिना १३ डॉलर, त्यामुळे धुलाईचे पैसे संसाराला मोठा आधार असत.

अशा ठिकाणी एखाद्या अधिकाऱ्याची बहीण किंवा मेहुणी पूर्वेकडून पाहुणी म्हणून आली की अविवाहित लेफ्टनंटांची रांग लागे. नाच, घोड्यावरची रपेट, नाटुकली, सगळं तिच्यासाठी. म्हणजे खऱ्या ठाण्यात चुरस पुरुषांत होती आणि बक्षीस बाईचं होतं. ‘एफ ट्रूप’ने ते उलटं केलं. बायका दोन आणि लाजणारा पुरुष एक.

गढीवरचा :

रेघोटी, फार छान माहिती. कॅन्सस आणि प्रेम म्हटल्यावर कस्टरचा किस्सा राहिला की!

रेघोटी :

हो, तो लिहायचाच होता. १८६७चा उन्हाळा. लेफ्टनंट कर्नल जॉर्ज कस्टर सातव्या घोडदळाबरोबर मोहिमेवर, पत्नी लिबी फोर्ट रायलीला. जुलैमध्ये तो फोर्ट वॉलेस सोडून, हुकूम नसताना, सारं कॅन्सस ओलांडून तिला भेटायला गेला. भेट झाली, आणि मग त्याच्यावर लष्करी खटला. फोर्ट लेव्हनवर्थला सप्टेंबरमध्ये सुनावणी सुरू झाली. विनापरवानगी ठाणं सोडल्याच्या जोडीला आणखीही आरोप होते, पळून जाणाऱ्या शिपायांना गोळ्या घालण्याचा हुकूम दिल्याचा धरून. शिक्षा झाली : एक वर्ष निलंबन, पगार बंद. वर्ष पुरं व्हायच्या आत जनरल शेरिडनने त्याला परत बोलावून घेतलं.

लोक याची प्रेमकथा करतात. मला ते पटत नाही. ज्या मोहिमेतून तो निघून गेला तिथली माणसं थकलेली, उपाशी आणि जिवाच्या भीतीत होती. लिबी मात्र जन्मभर त्याच्या बाजूने उभी राहिली. १८७६मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत तो मारला गेला, त्यानंतर ती १९३३पर्यंत जगली, पुन्हा लग्न केलं नाही, आणि त्याची बाजू मांडणारी तीन पुस्तकं लिहिली. ठाण्यांवरच्या रोजच्या जगण्याची बारीक माहिती त्या पुस्तकांत आहे, नवऱ्याबद्दलचं कौतुक बाजूला काढून वाचावीत.

आता पार्मेंटर आठवा. एकही गोळी धड न मारता आलेला, प्रेमासाठी ठाणं सोडायचं धाडस नसलेला. त्याच्या हाताखाली कुणी मेलं नाही! वीरांपेक्षा असला कप्तान बरा, हे मालिका सरळ मांडते असं मला वाटतं.

कवडसा :

सगळे प्रतिसाद वाचले. एक खटकणारी गोष्ट मांडतो.

हेकावींबद्दल कुणीच लिहिलं नाही. सरदार वाइल्ड ईगल झालेला फ्रँक डिकोव्हा इटालियन वंशाचा, क्रेझी कॅट झालेला डॉन डायमंड ब्रुकलिनचा. मूळ रहिवाशांच्या प्रमुख भूमिकांत मूळ रहिवासी नाहीत. आणि काळ कोणता? नोव्हेंबर १८६४मध्ये शेजारच्या कोलोराडोत सँड क्रीकला शायान आणि अरापाहो लोकांची कत्तल झाली, बहुतेक बायका-मुलं आणि म्हातारी माणसं. ऑक्टोबर १८६७मध्ये कॅन्ससमध्येच मेडिसिन लॉजचे करार झाले आणि त्या टोळ्यांना मुलूख सोडून राखीव भूमीकडे जावं लागलं. मालिकेतले हेकावी दारू गाळून नफा वाटून घेतात आणि सगळे खुशीत असतात. पार्मेंटर आणि जेन यांच्या प्रेमाला निवांत जागा मिळते, ती ही कत्तल आणि हे करार पडद्याआड ठेवल्यामुळे. हे विसरून नुसती रचनेची वाहवा करणं मला जमत नाही.

सांजसावली :

कवडसा, पटलं. त्या भूमिकांबद्दल तुम्ही म्हणता ते तंतोतंत खरं आहे, आणि नावांवरचे विनोद मलाही आता नको वाटतात. एकच गोष्ट जोडते : मालिकेत वाइल्ड ईगल हा सगळ्यात शहाणा माणूस आहे. ओरूर्कशी घासाघीस करताना तोच वरचढ ठरतो. हाणामारी त्याला नको, व्यापार हवा. १९६५च्या टीव्हीवर किंचाळत घोडे फेकणाऱ्या टोळ्या रोज दिसत होत्या, त्यात हे वेगळं होतं. पण वेगळं होतं म्हणून न्याय झाला असं मी म्हणणार नाही.

पाणकणीस :

प्रेम आणि धंदा यांचा आणखी एक भाग आहे, त्याचा उल्लेख राहिलाय. लिली ओरायली नावाची बाई गावात येते आणि ओरूर्कच्या नाकासमोर स्वतःचं दारूचं दुकान काढायला निघते. ही भूमिका ली मेरिवेदरची, म्हणजे १९६६च्या ‘बॅटमॅन’ चित्रपटातली कॅटवुमन. या भागात सांजसावलींचा मुद्दा दुसऱ्या टोकाने सिद्ध होतो. कप्तानाच्या प्रेमात ओरूर्क आडून सोंगट्या हलवतो, पण स्वतःसमोर बाई येते ती धंद्यातली स्पर्धक म्हणून. मग त्याची सगळी हुशारी लटपटते. ओरूर्क झालेल्या फॉरेस्ट टकरचा धिप्पाड देह आणि तो बावचळलेला चेहरा, दोन्ही एकत्र बघण्यासारखं आहे.

आणि अगार्नला विसरू नका. माझ्या मते मालिकेतलं सगळ्यात मत्सरी प्रेम त्याचं आहे, ओरूर्कवरचं. प्रेम म्हणजे मित्रप्रेम म्हणतोय मी. ओरूर्क दुसऱ्या कुणात रमला की याचा चेहरा पडतो, टोपी काढून डॉब्सला बडवायला लागतो. “तू मूर्ख आहेस असं लोक का म्हणतात कळत नाही,” असं ओरूर्क कौतुकाने म्हणतो आणि बऱ्याच वेळाने, भलत्याच ठिकाणी, याच्या डोक्यात प्रकाश पडतो : “कोण म्हणतं मी मूर्ख आहे?” अगार्न झालेल्या लॅरी स्टॉर्चचा १९६७मध्ये एमी या टीव्ही पुरस्काराच्या नामांकनात समावेश होता. अगार्नचे जगभरचे चुलतभाऊही त्यानेच केले, फ्रेंच-कॅनडियन, रशियन, मेक्सिकन. तो ९९ वर्षांचा होऊन जुलै २०२२मध्ये गेला.

अबोली :

पाणकणीस, अगार्नचं हे निरीक्षण फार आवडलं. आता पुन्हा बघताना त्याच्याकडे लक्ष ठेवेन.

एक प्रश्न : शेवटी लग्न होतं का? मी दुसरा हंगाम अर्धवट सोडला होता.

सांजसावली :

नाही होत. आणि शेवटचा भाग शेवट म्हणून लिहिलेलाही नाही. मालिकेला प्रेक्षक होते, पण मालिका काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओची मालकी सेव्हन आर्ट्स या कंपनीकडे गेली आणि स्टुडिओच्या आवारातला एवढा मोठा भाग एका अर्ध्या तासाच्या मालिकेसाठी अडवून ठेवणं नव्या मालकांना परवडेना, असं टकरने पुढे सांगितलं होतं. म्हणजे फोर्ट करेज बुडालं ते अखेर हिशेब तपासणारे नवे साहेब आल्यामुळे. ओरूर्कला ज्याची धास्ती होती तेच झालं, फक्त पडद्याबाहेर.

तिसरा हंगाम झाला असता तरी लग्न लावलं असतं असं मला वाटत नाही. पार्मेंटर घरी जेनजवळ बसला असता तर जेन त्याला ओरूर्कचा सगळा कारभार एका संध्याकाळी समजावून सांगू शकली असती. तिच्या दुकानातून काय येतं-जातं हे तिला माहीत नसेल, हे शक्यच नाही. दुसरा हंगाम पूर्ण करा अबोली, आणि जेन व ओरूर्क एकत्र असतात ते प्रसंग नीट बघा. ती किती जाणते आणि किती बोलत नाही, यावर मला तुमचं मत वाचायचंय.